वस्तीची गाडी

आमच्या बेळगावात शुक्रवार पेठेच्या कोपऱ्यावर येळ्ळूरच्या एक मावशी भाजी घेऊन बसतात. परत आल्यावर पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले तेव्हा झड लागली होती. त्यांनी पाटीवर प्लास्टिकचा कागद ओढून घेतला होता आणि त्याच्या आतून हात घालून मेथीच्या जुड्या काढून देत होत्या. "कुठं होतासा ओ ताई, दिसला नाहीसा," म्हणाल्या. मी सांगितलं, कॅनडाला गेलो होतो, तिथं एक मोठी गाडी भाड्यानं घेतली, तिच्यातच स्वयंपाक, तिच्यातच झोपायचं, आणि जंगलातनं फिरायचं. मावशींनी सगळं नीट ऐकून घेतलं. पोरं होती बरोबर? नव्हती. मग ड्रायव्हर? तोही नाही, हेच चालवत होते. त्यांनी जुडीची मुळं झटकली, पिशवीत टाकली आणि विचारलं, "दोघंच? मग एवढे दिवस बोललासा तरी काय?"

"बोललो की, काय काय," असं म्हणून मी पैसे दिले आणि निघाले. पण आरपीडीच्या चौकापर्यंत येईतो तो प्रश्न काही मागं राहिला नाही. घरी आल्यावर मेथी निवडताना तोच. रात्री ह्यांच्या घोरण्याचा आवाज ऐकत पडले होते तेव्हाही तोच. बोललो काय आम्ही?

खरं तर आमच्याकडे 'दोघंच' असं कधी नव्हतंच. लग्न होऊन टिळकवाडीतल्या घरात आले तेव्हा सासू-सासरे, दोन दीर, नणंद, एक चुलत सासरे आणि त्यांची बायको, शिकायला राहिलेला एक पुतण्या, आणि शिवाय खानापूर तालुक्यातून कोर्टाच्या, दवाखान्याच्या नाहीतर बस्त्याच्या कामाला आलेलं नात्यातलं कुणी ना कुणी. हे बँकेत, मी मराठी शाळेत. आमचं बोलणं व्हायचं ते दारातून जाता-येता, हातात काहीतरी असताना. राकसकोपचं पाणी आलंय, मोटर लावा. गॅस उद्याच्याला संपतोय. धाकट्या भावजींचा फॉर्म भरायचा राहिलाय. रात्री खोलीत आलो की आवाज बाहेर जाईल म्हणून कुजबुजायचं, आणि कुजबुजून तरी काय बोलणार, उद्याचीच कामं. मग मुलं, त्यांच्या शाळा, मग सासूबाईंचं लांबलेलं आजारपण. मुलगा पुण्याला गेला, मुलगी हैदराबादला, सासूबाई गेल्या, आणि एका दुपारी मला जाणवलं की घरात दोनच माणसं आहेत आणि तरीही आम्ही कुजबुजतच बोलतोय.

निवृत्त झाल्यावर ह्यांनी मोटरहोमचा ध्यास घेतला. मुलांनी हॉटेलं, विमानं, सगळं बसल्या जागी ठरवून द्यायची तयारी दाखवली, पण ह्यांचं एकच, गाडीत झोपायचं. का, असं विचारलं की म्हणायचे, "बघू या तर." माझी शहापूरची शाळूसोबतीण लग्नानंतर एडमंटनला गेली ती तिथलीच झाली. तिनं फोनवर सुचवलं, "सगळी बॅन्फला जातात गं, तुम्ही वर जावा, युकॉनला. आम्ही आमची गाडी घेऊन येतो, क्लुआनीच्या तळ्यावर भेटू." असं ते ठरलं. ह्यांनी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढला, मी शेंगाचटणी, लसणाची चटणी आणि मेतकूट यांच्या पुड्या बांधल्या.

युकॉनमधल्या व्हाइटहॉर्सला गाडी ताब्यात घेतली तेव्हा तिथल्या मुलीनं आम्हाला एकेक गोष्ट हात लावून दाखवली. पिण्याच्या पाण्याची टाकी वेगळी, मोरीचं पाणी साठायची वेगळी, संडासाची वेगळी. टाक्या रिकाम्या करताना आधी संडासाची, मग मोरीची, म्हणजे मागच्या पाण्यानं पाइप धुऊन निघतो. बॅटरी किती उरली ते ह्या बटणावर, गॅस बंद करायचा तो इथून. ह्यांनी बँकेतल्या सवयीनं सगळं डायरीत टिपून घेतलं. आणि मग रस्त्याला लागल्यावर आमचं तेच बोलणं पुन्हा सुरू झालं. पाणी किती राहिलंय? गॅस बंद केलात? कपाटाची कडी लावलीय का, नाहीतर वळणावर ताटं बाहेर येतील. समुद्र ओलांडून इतक्या लांब गेलो तरी संसार बरोबर आला होता आणि आम्हाला बोलायला तोच पुरत होता.

पण तो फार दिवस पुरला नाही. ह्याचं कारण तो प्रदेश. युकॉन महाराष्ट्राच्या दीडपट मोठा आहे आणि 2021 च्या जनगणनेत तिथं माणसं भरली 40,232. आपल्या एकट्या बेळगाव जिल्ह्यात 2011 सालीच अठ्ठेचाळीस लाखांच्या आसपास लोक होते. हे आकडे मी घरी बसून वाचले होते, पण त्यांचा अर्थ गाडीच्या काचेतून कळला. आपल्याकडे कुठल्याही रस्त्यावर, मध्यरात्रीसुद्धा, कडेनं चालणारं एखादं माणूस दिसतंच. कुणी सायकलवर गवताचा भारा घेऊन, कुणी डोक्यावर मोटली घेऊन. तिथं तासन् तास स्प्रूसची काळसर, बारीक अंगाची झाडं, मध्येच तळं, पुन्हा झाडं, आणि चालणारं कुणी नाही. समोरून एखादी गाडी आली तर चालवणारा स्टिअरिंगवरचा हात उचलून ओळख दिल्याप्रमाणे हलवतो. सुरुवातीला हे गोंधळले, मग तेही हात उचलू लागले. पुढं पुढं तर गाडी लांब दिसली की मीही हात तयार ठेवायची. मोबाइल मुका पडलेला. सूर्य अकराच्या पुढंही डोंगरावर रेंगाळत असलेला, आणि तो मावळला तरी अंधार म्हणावा असा होतच नव्हता. खिडक्यांना पडदे लावून आम्ही रात्र करून घ्यायचो.

आम्ही आधी दक्षिणेला, वॉटसन लेकच्या बाजूला गेलो. हा अलास्का हायवे. पर्ल हार्बरवर हल्ला झाल्यावर अलास्काला जमिनीवरून जोडणारा रस्ता हवा म्हणून 1942 च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या लष्करानं कामाला हात घातला आणि ऑक्टोबरअखेर तो जोडलासुद्धा. दहा हजारांहून जास्त सैनिक खपत होते, त्यांतले जवळजवळ एक तृतीयांश कृष्णवर्णीय, उष्ण मुलखातून थेट ह्या थंडीत आणि दलदलीत आणलेले. त्या कामावरच्या कार्ल लिंडली नावाच्या एका सैनिकाला वॉटसन लेकला दिशादर्शक फलक नीट करायला सांगितलं, तर त्यानं त्यांच्या शेजारी आपल्या गावाचा, इलिनॉयमधल्या डॅनव्हिलचा, फलक ठोकून दिला. तेव्हापासून येणारा-जाणारा आपापल्या गावाची पाटी लावून जातो. आता तिथं खांबांचं एक जंगलच उभं आहे, हजारो पाट्यांचं. कुणाची मोटारीची नंबरप्लेट, कुणाचा खराखुरा रस्त्यावरचा बोर्ड, कुणी लाकडाच्या फळीवर कोरलेलं कुत्र्याचं नाव.

आम्हीही पाटी नेली होती. शहापूरच्या एका पेंटरकडून पत्र्यावर रंगवून घेतलेली, निळ्यावर पांढरी अक्षरं. ही पाटी रंगवताना माझ्या मनाची जी ओढाताण झाली ती सांगितली पाहिजे. माझे वडील सीमासत्याग्रहात तुरुंगात जाऊन आलेले. घरात पाटीवरच्या अक्षरांवरून किती रात्री जागून चर्चा झाल्या, कुठल्या दुकानाच्या पाटीला डांबर फासलं, कुठल्या गावच्या कमानीवरचं नाव पुसलं, ह्या बातम्या ऐकतच मी वाढले. पाटीवर मराठीच असणार हे मी गृहीत धरलं होतं. हे म्हणाले, खाली कन्नडही लिहू या. माझ्या मैत्रिणीचे यजमान बैलहोंगलचे, घरात कन्नड बोलणारे, आणि आम्ही त्यांना भेटायला चाललेलो. मी दोन दिवस 'हो' म्हटलं नाही. वडील असते तर काय म्हणाले असते, हेच मनात. शेवटी मीच पेंटरकडे जाऊन दोन्ही लिपींत लिहायला सांगितलं. त्यानं वर मराठी, खाली कन्नड, एकाच मापाची अक्षरं काढली आणि त्यात काही विशेष आहे असं त्याच्या चेहऱ्यावर दिसलं नाही. वॉटसन लेकला हे खिळे ठोकत होते आणि मी पाटी धरून उभी होते. डाव्या बाजूला जर्मनीतल्या कुठल्याशा गावाची पाटी, उजव्या बाजूला कोरियन लिपीतली. तिथं मला बरं वाटलं, आणि त्याच वेळी वडिलांची आठवण येऊन घसा दाटला. दोन्ही एकदम. अजूनही ती पाटी आठवली की दोन्ही एकदमच होतं.

तिथून पुढं लिआर्डला गरम पाण्याचे झरे आहेत. वाटेत रस्त्याच्या कडेला रानबैलांचा, बायसनचा, कळप चरत होता. ह्यांनी गाडी थांबवली आणि इंजिन बंद केलं. गवत उपटल्याचा आवाज काचेतून ऐकू येत होता. झऱ्यापर्यंत दलदलीवरून लाकडी फळ्यांची वाट आहे. पाण्याला गंधकाचा वास, उगमाकडे सरकावं तसं कढत. आम्ही दोघं पाण्यात बसलो. इतक्या वर्षांत उघड्यावर, भर उजेडात, असं पाण्यात एकत्र बसलो नव्हतो. ह्यांच्या छातीवरचे केस पार पांढरे झालेत हे माझ्या नजरेला तिथं पडलं. त्यांच्या डाव्या खांद्यावर एक जुना व्रण आहे, तो कशाचा हे मला माहीत होतं, तरी मी विचारलं, आणि त्यांनी पुन्हा सगळं सांगितलं. एवढंच बोलणं. बाकी दुपारभर आम्ही गप्प होतो. ती शांतता मला जड गेली नाही असं नाही. टाकी, गॅस, बॅटरी संपल्यावर उरतं ते काय, असा एक गार विचार मनात येऊन जायचा. हे पुढं बघत गाडी चालवायचे, मी बाहेर बघायची, आणि दोघांच्या मधल्या जागेत डायरी पडलेली असायची.

एक सांगायचं राहिलं, फोडणीचं. तिथं अस्वलांचा मुलूख. खानापूरच्या जंगलात गुरं राखणारा माणूस वाघापेक्षा अस्वलाला जास्त भितो, त्यामुळे ह्यांना अस्वलाचा धाक लहानपणापासूनचा. काळी अस्वलं रस्त्याच्या कडेला भर दिवसा पिवळी फुलं खाताना दिसायची, मान वर करून बघायची आणि पुन्हा खायची. मुक्कामाच्या जागी खाण्याचं काही बाहेर ठेवायचं नाही, भांडीसुद्धा नाहीत, कचऱ्याच्या पेटीला अस्वलाला उघडता येणार नाही असं झाकण. पिठल्याच्या फोडणीचा वास बाहेर जाऊ नये म्हणून हे सगळ्या खिडक्या लावून घ्यायचे आणि मग हिंग-लसणाचा वास गाडीच्या गाद्यांत, पडद्यांत, आमच्या स्वेटरांत मुरला. सकाळी डोळे उघडायच्या आधी नाकाला वाटायचं आपण टिळकवाडीतच आहोत.

परत फिरून आम्ही क्लुआनीला आलो. तळ्याच्या दक्षिण टोकाला एक नदी येऊन मिळते, म्हणजे मिळायची. कास्कावुल्श नावाच्या हिमनदीचं पाणी तिच्यातून ह्या तळ्यात, तळ्यातून युकॉन नदीत आणि पार बेरिंगच्या समुद्रात जायचं. हिमनदी वितळून मागं हटली आणि 2016 च्या मे महिन्यात, अवघ्या काही दिवसांत, ते पाणी दुसऱ्या वाटेनं वळलं. आता ते अल्सेक नदीतून अलास्काच्या आखाताला जातं. इकडच्या पात्रात राखाडी गाळ पसरलाय, वारा सुटला की धुळीचे लोट उठतात. तळ्याची पातळी उतरली. हे त्या पात्राच्या काठावर रुमाल नाकाला धरून कितीतरी वेळ उभे होते. मला माहीत होतं ते कशाचा विचार करताहेत. कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी मलप्रभा उगम पावते ती पूर्वेला कृष्णेकडं, बंगालच्या उपसागराकडं निघते. आणि त्याच खानापूर तालुक्याच्या रानातली म्हादई पश्चिमेला गोव्यातून अरबी समुद्राला. मध्ये एवढासा डोंगर. म्हादईला मिळणाऱ्या कळसा-भांडुरा नाल्यांच्या पाण्यावरून आमच्याकडे आणि गोव्यात किती वर्षं भांडण चाललंय ते वाचणाऱ्याला ठाऊकच आहे. पाणी वळवायचं की नाही ह्यावर माणसं कोर्टात उभी आहेत, आणि इथं ते कुणी न वळवता वळलं, आणि काठावरचे मासे, माणसं, पाखरं कुणालाही विचारलं नाही. "कणकुंबीला असं झालं तर?" एवढंच हे म्हणाले. त्यावर आम्ही खूप बोललो. सौंदत्तीजवळच्या धरणाबद्दल, देवळातल्या कुंडाबद्दल, त्यांच्या आत्यांच्या शेताबद्दल. लिआर्डच्या त्या गप्प दुपारनंतर पहिल्यांदाच असं सलग बोलणं झालं.

तळ्याकाठच्या मुक्कामाच्या जागेला काँगडन क्रीक म्हणतात. तिथं पहारेकरी नाही, खिडकी नाही. एका लाकडी पेटीत पाकिटं ठेवलेली, आपण नाव लिहायचं, पैसे घालायचे, दुसऱ्या पेटीत टाकायचं. जळण फुकट, फोडलेल्या लाकडांचा ढीग पडलेला. तंबूवाल्यांसाठी अस्वलांमुळे विजेचं कुंपण घातलेली वेगळी जागा. मैत्रिणीनं फोनवर वार सांगितला होता, वेळ नाही. एडमंटनहून इथवर दोन हजार किलोमीटरांहून जास्त, वाटेत फोन लागत नाही, मग वेळ कशी सांगणार? मी सकाळपासून रस्त्याकडे कान लावून होते. पूर्वी गणपतीला मुंबईचे पाहुणे येणार म्हणून आम्ही बहिणी तिसऱ्या गेटपाशी गाडीची वाट बघायचो, ती आठवण झाली. कुठल्याही क्षणी येतील, किंवा आज येणारच नाहीत, आणि दोन्हींची तयारी मनानं ठेवायची. संध्याकाळी एक पांढरी गाडी मागं ट्रेलर ओढत आत वळली आणि ती पुरती थांबायच्या आधीच दार उघडून माझी मैत्रीण ओरडली, "आलो गं, आलो!" तिची मराठी शहापुरातून निघाली तेव्हा होती तशीच्या तशी.

खाली उतरल्यावर तिचं पहिलं वाक्य, "पाटी बघितली तुमची! तासभर शोधालतो आम्ही." वॉटसन लेकला त्यांनी प्रत्येक रांग पालथी घातली होती. तिच्या यजमानांनी, म्हणजे भावोजींनी, आधी कन्नड अक्षरं पाहिली आणि तिला हाक मारली. दोघांनी पाटीला हात लावून फोटो काढला होता. ह्यांनी तो फोटो मोठा करून पाहिला, खिळा वाकडा गेला होता तिथं बोट ठेवलं आणि हसले. मला तेव्हा मी 'हो' म्हटलं त्याचं फार समाधान वाटलं.

त्या रात्री शेकोटी पेटवली. डास इतके की धुरात बसणंच बरं. मैत्रिणीनं डब्यातून करदंट, सुक्या मेव्याची ती मिठाई, काढला, तिच्या भाच्यानं गोकाकहून पाठवलेला. मी भात आणि पिठलं केलं. आम्ही दोघी एका बाकावर, ते दोघं समोर. आमचं आमचं चाललं होतं, कोण गेलं, कोण आजारी, रामदेव गल्लीतलं कुठलं दुकान बंद पडलं. पलीकडे भावोजींनी ह्यांना सहज विचारलं, "झोप लागती काय री गाडीत?" 

हे म्हणाले, "घरात लागत नाही इतकी."

आणि मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. माझे सासरे, अप्पा, सरकारी बसवर ड्रायव्हर होते. हे मला माहीत होतं, मी पाहिलं ते व्हरांड्यात ट्रान्झिस्टर कानाशी धरून बसलेलं म्हातारपण. पण वस्तीची गाडी मला माहीत नव्हती. संध्याकाळी बेळगावहून निघायची, जांबोटीवरून रात्री कणकुंबीला पोचायची, ड्रायव्हर-कंडक्टर गाडीतच झोपायचे आणि पहाटे तीच पहिली गाडी होऊन दुधाच्या किटल्या, शाळेची पोरं आणि खानापूरच्या कोर्टात तारीख असलेली माणसं घेऊन परत यायची. ह्यांना एकदा, सहावी-सातवीत असतील, अप्पांनी बरोबर नेलं. आषाढातले दिवस. मागच्या लांब सीटवर घोंगडं अंथरलं, कंडक्टर गावात ओळखीकडे झोपायला गेला. गावातल्या एका घरातून फडक्यात बांधून तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या बांगड्याची चटणी आली होती. पत्र्यावर पाऊस इतका वाजत होता की दोघांना एकमेकांच्या कानाशी तोंड नेऊन बोलावं लागत होतं. मध्यरात्री काहीतरी गाडीला घासलं आणि सगळी गाडी हलली. अप्पांनी अंधारात पोराच्या छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, "गवा असंल. गप पड." आणि मग झोप दोघांचीही गेली म्हणून अप्पा बोलत राहिले. वस्तीची ड्यूटी त्यांना लागत नसे, ते मागून घेत. घरात इतकी माणसं, स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, इथं गाडीत झोपलं की डोकं निवतं, असं ते म्हणाले. आपल्या बापाबद्दल, गिरणीत काम करायला मुंबईला गेलेल्या आणि परत न आलेल्या भावाबद्दल, सगळं त्या रात्री. उजाडताना म्हणाले, "आईला सांगू नकोस हं, मी मागून घेतो म्हणून. तिला वाटंल घर नको झालंय." त्यानंतर अप्पा पोराशी इतकं कधी बोलले नाहीत.

मी हे पहिल्यांदा ऐकत होते.

मैत्रीण काहीतरी सांगत होती आणि मी हुंकार देत होते, पण कान पलीकडं. बारा वाजत आले होते आणि तळ्यापलीकडचे डोंगर अजून स्पष्ट दिसत होते. बैलहोंगलच्या माणसानं एक साधा प्रश्न विचारला आणि हे मोकळे झाले. मी ज्या माणसाबरोबर एवढा काळ राहिले त्याच्या आयुष्यातली ही रात्र मला शेकोटीच्या ह्या बाजूनं, दुसऱ्याला सांगितली जात असताना ऐकायला मिळाली. वाईट वाटलं, खोटं का बोलू. आणि ह्यांचा आवाज किती मोकळा लागलाय, शब्द कसे न शोधता येताहेत, हे ऐकून इतकं बरं वाटत होतं की मध्ये एक शब्द बोलले नाही. भावोजीही मधूनच फक्त "हूं" म्हणत, लाकूड सरकवत होते. त्यांचे वडील हमालीवर होते, ते त्यांनी नंतर सांगितलं. तेही त्यांच्या बायकोला किती माहीत होतं, कोण जाणे. तीही आता बोलायची थांबून ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी दोघांच्या गाड्या एकामागून एक निघाल्या, बीव्हर क्रीकच्या दिशेनं. गोठलेली जमीन वितळते आणि पुन्हा गोठते, त्यामुळे तिकडचा रस्ता लाटा उठल्यागत वरखाली झालाय. ताटं वाजत होती. मी विचारलं, मला कधी बोलला नाहीत? हे म्हणाले, "आईला सांगायचं नव्हतं. मग कुणालाच सांगितलं नाही. आई गेल्यावर तुला सांगायला हरकत नव्हती, पण तोवर सवयच राहिली नव्हती." थोड्या वेळानं म्हणाले, "गाडी बघितल्याशिवाय तुला काय कळलं असतं?" त्यांचं तेही खरं असेल. पत्र्याचं छप्पर, मागची झोपायची जागा, बाहेर अस्वल आहे हे माहीत असून आत पांघरूण ओढून घेणं, ह्यातलं मी काही अनुभवलं नसतं तर ती रात्र मला एक गोष्ट म्हणून कळली असती, एवढंच. त्यानंतर परतीच्या वाटेवर आम्ही जे बोललो ते मात्र मी इथं लिहिणार नाही. ते आमचं आहे.

गणपतीला आम्ही जांबोटीच्या पुढं काकूंकडे गेलो. ह्यांच्या चुलत्यांच्या पत्नी. नवी सून म्हणून टिळकवाडीच्या घरात त्यांनी बरीच वर्षं काढली आणि पुढं शेती बघायला गावी गेल्या. आता ऐंशीच्या पुढं आहेत, नजर मंद झालीय, पण गौरीच्या भाज्या अजून स्वतः चिरतात. चुलीपाशी बसून मी त्यांना सगळी हकीकत सांगितली, तळं, शेकोटी, वस्तीची गाडी, अप्पांनी मागून घेतलेली ड्यूटी. काकूंनी विळीवरचा हात थांबवला नाही. म्हणाल्या, "म्हाईत हाय की. भावजींना वस्तीची हौस, सगळ्या घराला ठाऊक होतं."

"सासूबाईंनाही?"

"अक्कांना तर पहिल्यापास्नं. दुपारीच विचारायच्या, आज वस्ती हाय काय, आणि असली की घोंगडं उन्हात टाकायच्या. माणसाला झोप पायजे, म्हणायच्या."

ती हकीकत मी ह्यांना तिथंच, मागच्या अंगणात सांगितली. ते फणसाखाली उभे होते. त्यांनी मला पुन्हा सांगायला लावलं, काकूंचे शब्द जसेच्या तसे. मग आत जाऊन काकूंपाशी बसले आणि अप्पांबद्दल, आईबद्दल एकेक विचारत राहिले. आरतीला हाक मारली तरी उठेनात. येळ्ळूरच्या मावशींना मी अजून नीट उत्तर दिलेलं नाही. भाजी घेताना तेवढा वेळ नसतो आणि हे उभ्याउभ्या सांगण्यासारखं नाही. एकदा त्यांच्या पाटीशेजारी बसूनच सांगायला हवं.

जानेवारीत मैत्रीण आणि भावोजी भाचीच्या लग्नाला येताहेत. ह्यांनी एका ओळखीच्याकडून टेम्पो ट्रॅव्हलर ठरवली आहे. मागच्या सीटा काढून तिथं गाद्या टाकायच्या, त्याची मापं घेऊन खडेबाजारातल्या गादीवाल्याकडे दोन खेपा झाल्या. भीमगडच्या अभयारण्याच्या हद्दीत गाडी लावून झोपायचं नाही हे त्यांनी आधीच सांगून ठेवलंय, रान जनावरांचं आहे. कणकुंबीच्या देवळाजवळच्या मोकळ्या जागेत चालेल का, ते पुतण्या विचारून येणार आहे. पाणी बरोबर न्यायचं, शेगडी भावोजी म्हणतात तशी लहान घ्यायची. काकूंना कळवलं तर त्यांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "चौघांच्या भाकऱ्या मी पाठवतो. तांदळाच्या का नाचण्याच्या, तेवढं आधी सांगा."